सोळा घरं, सतरा पानं

आमच्या शुगर लँड गावाला उतार नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. या भागातल्या नाल्यांची आणि पावसाच्या पाण्याच्या तळ्यांची ड्रॉइंगं काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. इथे पाऊस पडला की पाणी आधी रस्त्यावर उभं राहतं, आता जायचं कुठे याचा विचार करतं, आणि विचार पुरा होईपर्यंत लोकांच्या गॅरेजमध्ये शिरतं. आमच्या मागच्या खोलीत माझे बाबा राहतात. ब्याण्णव वर्षांचे आहेत, कान शाबूत, स्वतःचे दात सहा, आणि खिडकीतून लॉनकडे बघत रोज एकदा तरी म्हणतात, "वसू, एवढा मोठा देश, आणि उतार नाही म्हणजे काय!" मी म्हणते, "नाही तेच बरंय बाबा. तुमच्या हातात उतार दिला की काय होतं ते आपण बघितलंय." बाकी सगळं त्यांना ऐकू येतं, एवढं वाक्य तेवढं येत नाही. म्हणून काय झालं होतं ते आता लिहूनच टाकते. त्यात माझाही एक गुन्हा आहे, तो मी मागच्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितला नव्हता.

मी सहा वर्षांची असताना आम्ही किलिमांजारोच्या अंगावर राहायला गेलो आणि तेरा वर्षांची असताना तिथून निघालो. बाबा सांगलीचे, गणिताचे मास्तर. तिथल्या शाळेला गणित शिकवणारा माणूस हवा होता आणि बाबांना डोंगर हवा होता, एवढंच कारण मला सांगण्यात आलं. आमचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, केळीच्या बागेत बुडालेलं. आपल्याकडे असतं तसं घराला घर लागलेलं गाव तिथे नव्हतंच. प्रत्येकाचं घर आपापल्या केळीत, केळीच्या सावलीला कॉफी, कॉफीच्या बुडाशी अळू नि घेवडे, आणि या सगळ्या हिरव्या पसाऱ्यातून कुंपणांच्या मधून जाणाऱ्या पायवाटा. सपाट असं काही नाही. जेवणाच्या टेबलाच्या दोन पायांखाली बाबांनी भूमितीची जुनी पुस्तकं घातली होती, तरी पानात वाढलेली आमटी एका कडेला जमायची. आईचं धिरडं एका बाजूनं जाड व्हायचं आणि जाड बाजू कुणी खायची यावरून माझी नि बाबांची रोज जुंपायची. लिंबू हातातून सुटलं तर ते धरायला दाराबाहेर धावावं लागे. सकाळी कधी तरी ढग बाजूला व्हायचे आणि वर, मान पार मोडेल इतक्या वर, बर्फाचं शिखर दिसायचं. आई पदर सावरून हात जोडायची. "महादेव उठले," म्हणायची आणि परत चुलीकडे वळायची.

आवाज आठवतात ते पाण्याचे. घरासमोरून एक पाट वाहायचा, हातभर रुंद, वरच्या जंगलातून निघून केळीबागांच्या मधून वळणं घेत येणारा. त्याची झुळझुळ इतकी सवयीची झाली होती की ती थांबली की जाग यायची. गोठ्यात गाईंचं रवंथ करणं, केळीच्या पानांची फडफड, आणि रविवारी चर्चमधून चार आवाजांत येणारं गाणं. आईला त्या गाण्याचा एक शब्द कळत नसे, पण ती भाकरी त्याच ठेक्यावर थापायची. आज इथे आमच्या चकचकीत किचनमध्ये भाकरी थापताना माझेही हात त्याच ठेक्यावर पडतात. माझी नात मीरा म्हणते, "आजी, यू आर ड्रमिंग अगेन."

पलीकडच्या घरात माझी मैत्रीण राहायची. तिचं नाव ऐका. होय, ऐका, तिथल्या चागा जमातीत ते मुलींचं नाव असतं. आई बाबांना नावानं हाक मारत नसे, "अहो, जरा ऐका," म्हणायची, आणि कुंपणापलीकडून ऐका धावत यायची. बाबा यायच्या आधी ती यायची. पुढे पुढे आईनं तिलाच कामं सांगायला सुरुवात केली. तिथे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या किंवा मुलीच्या नावानं ओळखायची रीत होती, आणि आईला म्हणायचे मामा. म्हणून ऐकाची आई ती मामा ऐका आणि माझी आई मामा वसू. गडहिंग्लजच्या आजीला मी पत्रात लिहिलं होतं की शेजारच्या मामांनी आज आईची वेणी घातली. त्यावर आजोबांचं चार पानी पत्र आलं होतं.

मामा ऐका उंच, रुंद खांद्याची, हसली की कोंबड्या दूर पळतील अशी बाई होती. डोक्यावर गवताचा भारा, पाठीला पोर, आणि हातानं वाटेवरच्या दोन वस्तू उचलत चालायची. तिची आणि आईची दोस्ती नाचणीवरून झाली. पहिल्याच महिन्यात मामा ऐका सुपात काही तरी पाखडत होती, आई कुंपणाशी गेली, सुपात बघितलं आणि ओरडली, "अगं बाई, नाचणी!" दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईनं तिथल्या तिथे दोन मुठी दळून भाकरी थापून दाखवली. मामा ऐकानं ती खाल्ली, डोळे मिटले, आणि मग आईला हाताला धरून आपल्या घरी नेऊन त्याच नाचणीची नि केळ्यांची दारू एका मडक्यात फसफसत होती ती दाखवली. आईनं नाकाला पदर लावला. मामा ऐका इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. तेव्हापासून दोघींचं एक वाटी इकडून, एक वाटी तिकडून सुरू झालं; कच्च्या केळ्यांचं नि मटणाचं दाट सूप यायचं आणि आमचा लसणीचा ठेचा जायचा. बाबांना एवढंच सांगितलं होतं की सुपात बटाटा आहे.

आता त्या पाटाविषयी. त्यावर बाबूंचं राज्य होतं. बाबू म्हणजे आजोबा. ऐकाचे आजोबा, पण सगळे त्यांना बाबूच म्हणत. पाटाचं पाणी कुणाला कधी, हे त्यांच्या डोक्यात असायचं, कागदावर काही नाही. पाट साफ करायचा असला की ते शिंग फुंकत, आणि घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर होई. आपली पाळी आली की आपण वर जायचं, केळीच्या खुंटाचा तुकडा नि चिखल घालून वरच्याचं तोंड बंद करायचं आणि आपलं उघडायचं. ते काम आमच्या दोन घरांत माझं आणि ऐकाचं होतं. गुडघाभर चिखलात उभं राहून आम्ही जगातल्या सगळ्या गोष्टींची चर्चा करत असू. पाट आमच्या घरांच्या वर एका जुन्या झाडाला भला मोठा वळसा घालून येई. ते वळण बाबांच्या डोळ्यात खुपायचं. जेवताना ते ताटात आमटीचा पाट काढून दाखवायचे. "हे बघ, सरळ दहा पावलं. आणि हे लोक चाळीस पावलं फिरवतात! पाणी मुरतं, वेळ जातो. साधी भूमिती आहे."

आई म्हणाली होती, "अहो, त्यांच्या पणजोबांनी काढलाय तो."

"पणजोबांना पायथागोरस माहीत नव्हता," बाबा म्हणाले.

गणपतीच्या सुमाराला एका रविवारी, सगळे चर्चमध्ये असताना, बाबांनी कुदळ, दोरी, ओळंबा आणि पातळी बघायला पाणी भरलेली रबरी नळी घेतली आणि ते वळण सरळ करून टाकलं. मी नळीचं एक टोक धरून उभी होते. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटत होता. काम सुरेख झालं होतं, पट्टीनं आखल्यासारखं. त्या दिवशी पाळी मामा ऐकाची होती. चर्चमधून आल्यावर ऐकानं तिच्या शेताचं तोंड उघडलं आणि नव्या सरळ पाटातून पाणी असं काही उड्या मारत आलं की बांध बाजूला, ऐका बाजूला, आणि मामा ऐकाची घोट्याइतकी झालेली नाचणी मातीसकट खालच्या कॉफीत. पाच मिनिटांत वाफा धुऊन निघाला. बाबू काठी टेकत आले, सरळ पाटाकडे बघितलं, मग बाबांकडे. "म्वालिमू," ते म्हणाले. मास्तरांना ते म्वालिमू म्हणत. "पाणी वरून पळत येतं. त्या झाडाभोवती फिरताना ते दमतं. दमलेलं पाणी शेतात शिरू द्यायचं असतं."

एवढ्यावर बाबांनी चुकलो म्हटलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण बाबा म्हणाले, "उतार मी बरोबर काढला होता. बांध कच्चा होता."

बांध मामा ऐकाचा होता. तिनं ओढणी झटकली, ऐकाला मनगटाला धरलं आणि घरात गेली. दुसऱ्या दिवशी बाबूंनी माणसं लावून पाट परत अडवला, पण वळण काही पुन्हा नीट बसेना. पाणी कधी इकडून फुटे, कधी तिकडून. बाबांनी बाजारातून नाचणीचं एक पोतं आणून तिच्या दाराशी ठेवलं. संध्याकाळी पोतं आमच्या दाराशी परत. "पोतं तिला काय करायचंय?" आई म्हणाली. "तुमच्या तोंडून एक शब्द हवाय तिला." बाबा म्हणाले, जे चुकलंच नाही त्याची माफी मागणं म्हणजे विद्यार्थ्यांना खोटं शिकवणं. आईनं त्यांना जाड धिरडं वाढलं.

एका महिन्याहून जास्त काळ हे चाललं. वाट्यांची ये-जा बंद. ऐकाला कुंपण ओलांडायची बंदी. शाळेत ती माझ्यापासून चार बाकं लांब बसे आणि मी बघितलं की खिडकीबाहेर बघे. पाण्याच्या पाळीला तिच्याऐवजी तिची चुलती येई, आणि चिखलात आम्ही दोघी मुक्या म्हशींसारख्या उभ्या राहत असू. आई आता बाबांना "अहो, ऐका" म्हणत नसे; नुसतं "अहो" म्हणून थांबे. अकराव्या वर्षी माझी सबंध दुनिया म्हणजे ऐका होती. ती गेली तर त्या एवढ्या मोठ्या डोंगराचं मी करायचं काय, हे मला कळत नव्हतं. मी ठेचा वाटतानाही रडायचे, आणि आई ते मिरचीवर घालायची.

आमच्या दोन घरांच्या मधलं कुंपण एका झाडाचं होतं. लांब, रुंद, चकचकीत हिरवी पानं, पुरुषभर उंची. त्याला तिथे मसाले म्हणतात. मसाल्याशी संबंध शून्य. तिथल्या सगळ्या हद्दी या झाडांच्या असत. ऐकानं मला पूर्वी कधी तरी सांगितलं होतं की या पानात मोठी ताकद आहे. तिच्या दोन काकांचं हाडवैर होतं. एक दिवस धाकटा हे पान घेऊन थोरल्याच्या दारात उभा राहिला आणि झालं, मिटलं. हे पान घेऊन कुणी आलं की तो क्षमा मागतोय, आणि ती नाकारायची नसते. "आणि नाकारली तर?" मी विचारलं होतं. ऐकानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे विचारलंच नाही.

मग दसरा आला. आईनं म्हशीच्या नव्हे, मामा ऐकाच्या गाईच्याही नव्हे, तिसऱ्याच घरच्या गाईच्या दुधाचा चक्का बांधून श्रीखंड केलं. लाकडी पाटावर बाबांची भूमितीची पेटी, पुस्तकं, ओळंबा मांडले. आई कुदळीलाही कुंकू लावत म्हणाली, "हिचे तर पराक्रम मोठे." बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. संध्याकाळी सोनं द्यायला घरोघर जायचं, हा सांगलीचा शिरस्ता ते दर वर्षी पाळत. आपट्याचं झाड त्या उंचीवर नव्हतं, म्हणून मिळेल ते पान चाले. एका वर्षी पेरूचं, एका वर्षी कॉफीचं. लोकांना हे माहीत झालं होतं. हसून पान घेत, केळी देत. त्या दिवशी बाबा म्हणाले, "वसू, सोळा पानं आण. या वर्षी जरा मोठी बघ."

मी बोटांवर घरं मोजली. सतरा व्हायला हवी होती. मामा ऐकाचं घर गाळून सोळा.

मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. मी सतरा पानं तोडली. सगळी मसाल्याची. माझा बेत साधा होता. पहिलं घर लागतं मामा ऐकाचं. दारावरून जाताना बाबांच्या हातात पान द्यायचं, दसऱ्याच्या दिवशी ते काही नाही म्हणणार नाहीत, आणि पान तिच्या हातात पडलं की काम फत्ते. क्षमा मागितली हे बाबांना कळायचंही कारण नाही. बाकीच्या सोळा घरांचं काय होईल हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नाही. मला वाटलं, ज्यांच्याशी भांडण नाही त्यांना ते नुसतं पान.

बाबा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात निघाले. मी मागे पिशवी घेऊन. मामा ऐकाच्या दाराशी मी पान पुढे केलं, तर बाबा मान ताठ करून तिथून असे गेले की जणू ते घर नकाशातच नाही. मी पान हातात धरून वाटेवर उभी. आणि तोवर बाबा पुढच्या घराच्या अंगणात पोचून हाक मारत होते, "वसू, सोनं!"

पुढचं घर शिंप्याचं. बाबांनी दोन्ही हातांनी पान पुढे केलं आणि नेहमीसारखे प्रसन्न हसले. शिंप्याचा चेहरा पडला. त्यानं पानाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, हातातली कात्री खाली ठेवली. बराच वेळ तो आठवत होता की या माणसानं आपलं काय वाईट केलं असेल. काही आठवेना तेव्हा त्याचेच डोळे भरून आले. "म्वालिमू," तो म्हणाला, "तुम्ही कशाला? चुकलो मी आहे. तुमच्या पँटीतलं उरलेलं कापड मी दिलं नाही. त्याची मी टोपी केली." टोपी त्याच्या डोक्यावरच होती. ती काढून त्यानं बाबांच्या हातात दिली. बाबांना वाटलं, दसऱ्याची भेट. ती घालून ते पुढच्या घरी गेले.

तिथे चर्चमध्ये गाणं बसवणाऱ्या बाई राहायच्या. त्यांनी पान घेतलं आणि बाबांच्या गालावर थोपटलं. "तुम्ही आमच्या कार्यक्रमात झोपला होतात, घोरलातही. सोडून दिलं मी." बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "यांना कुणी सांगितलं?" मी जमिनीकडे बघत होते. हेडमास्तरांनी पान बघताच दार ओढून घेतलं आणि फटीतून म्हणाले, "काय केलंत ते मला सांगू नका. सांगितलंत तर मला वर कळवावं लागेल. क्षमा केली, क्षमा केली, जा."

चौथ्या घरापर्यंत बातमी आमच्या पुढे धावू लागली होती. त्या डोंगरावर बातमी पाण्यासारखी खाली जायची, आणि आम्ही उतरतच होतो. लोक दारात उभे राहून वाट बघत होते. एका आजीनं बाबांचा हात धरून सोडलाच नाही. कुणी तरी अनुमान काढलं की जो माणूस एका संध्याकाळी घरोघर जाऊन क्षमा मागतो तो मरायला टेकला असणार. मग बायका आतून केळी, अंडी, एक जिवंत कोंबडी अशा वस्तू आणू लागल्या. दहाव्या घराशी बाबांच्या काखेत कोंबडी, डोक्यावर स्वतःच्याच पँटीची टोपी, आणि मागे चाळीसेक माणसं. बाबा भारावून गेले होते. "वसू," ते म्हणाले, "यांना दसरा आता खऱ्या अर्थानं समजला." मला हसू नि रडू एकदम येत होतं. पिशवीतली पानं मी सारखी मोजत होते. सहा. पाच. चार.

सोळावं घर झालं आणि आम्ही वर आमच्या घराकडे परतलो, सगळी वरात मागे. कुंपणापाशी पाटाच्या काठावर बाबू काठी टेकून उभे होते आणि त्यांच्या शेजारी कमरेवर हात ठेवून मामा ऐका. त्यांच्या मागून ऐकाची नुसती वेणी दिसत होती. आई हातात झारा घेऊन आमच्या दारात येऊन थांबली.

"सगळ्यांना दिलंत," मामा ऐका म्हणाली. महिन्याभरात तिनं आमच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. "शिंप्याला दिलंत. हेडमास्तरला दिलंत. ज्याचं काही बिघडवलं नाही त्या प्रत्येकाला दिलंत. आमची नाचणी वाहून नेलीत आणि आम्ही काय माकडं आहोत?" तिचा आवाज फाटला. ती रागावलेली नव्हती, दुखावलेली होती.

बाबा गोंधळले. "हे तर आमचं सोनं…" ते म्हणाले.

बाबूंनी मग शांतपणे सांगितलं. पान काय आहे. ते कधी नेतात. घेणाऱ्यानं काय करायचं असतं. बाबांच्या चेहऱ्यावरून ती सबंध संध्याकाळ उलटी फिरत गेलेली मला दिसली: हेडमास्तरांचं दार, घोरणं, टोपी. त्यांनी टोपी काढली. कोंबडी माझ्याकडे दिली. पाण्याचा आवाज तेवढा येत होता, फुटक्या जागी खळखळणारा. बाबा त्या जागेकडे बघत राहिले. आता ते उताराविषयी बोलणार असं वाटून मी डोळे मिटले.

"अहो," आई दारातून म्हणाली. मराठीत, हळूच. "आज सीमोल्लंघन असतं."

बाबांनी हात मागे केला. मी पिशवीत हात घातला. एक पान होतं. ते त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी पानाकडे बघितलं, क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि पाट ओलांडून पलीकडे गेले. दोन्ही हातांनी पान पुढे धरलं. सवयीनं तोंडून आलं, "सोनं घ्या." मग थांबले आणि तिच्या भाषेत म्हणाले, "समाहानी, मामा ऐका. मला क्षमा कर. चूक माझी होती."

तिनं त्यांना तसंच उभं ठेवलं. "वळण परत काढणार?"

"उद्या सकाळी."

"दोरी नको. ती नळी नको. बाबू सांगतील तसं."

"बाबू सांगतील तसं," बाबा म्हणाले.

तिनं पान घेतलं. आणि मग तिच्या पोटातून ते हसू आलं, कोंबड्या पळवणारं. माझ्या हातातली कोंबडी खरंच सुटून पळाली. सगळा डोंगर हसायला लागला. शिंपी वाटेवर बसून हसत होता. बाबू म्हणाले, "एक पान पुरतं, म्वालिमू. खून केला तरी एक पुरतं. सोळा जास्तीची दिलीत, पुढच्या भूमितीला उपयोगी पडतील." तेवढ्यात आई म्हणाली, "अहो ऐका, श्रीखंड पुरायचं नाही एवढ्यांना!" आणि कुंपणातून धाडकन ऐका बाहेर. ती धावत आली ती थेट माझ्या अंगावर, आणि आम्ही दोघी पाटात पडलो.

क्षमा केली की एका वाळक्या, पोकळ भोपळ्यातून नाचणीची ती दारू प्यायची असते. बाबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. आई त्यांच्या कानात म्हणाली, "आंबील समजा." त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. मग भोपळा आईकडे आला. आईनं नाकाला पदर लावला नाही. एक घोट घेतला, विचार केला, आणि दुसरा घेतला. श्रीखंड सगळ्यांना बोटभर मिळालं. दुसऱ्या दिवशी बाबूंचं शिंग वाजलं आणि बाबा फावडं घेऊन सगळ्यांच्या आधी हजर होते.

पुढे माझी सगळी नोकरी पाण्याला दमवण्यात गेली. कॉलेजात त्याला मोठमोठी नावं होती, पण तो धडा मला त्या झाडाभोवती मिळाला होता.

मागच्या महिन्यात मीराला शाळेच्या प्रोजेक्टसाठी झाड हवं होतं म्हणून नर्सरीत गेलो, आणि तिथे प्लास्टिकच्या कुंडीत, एसीच्या गारठ्यात, ते उभं होतं. पाटीवर कॉर्न प्लांट लिहिलेलं. मी पानाला हात लावला आणि तिथेच रडायला लागले. मीरा घाबरली. "आजी, इट्स जस्ट अ प्लांट!" गाडीत मी तिला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वेट. सो यू न्यू? यू न्यू द होल टाइम? अँड यू नेव्हर टोल्ड पणजोबा?"

नाही सांगितलं. बाबांची ती चाळीस माणसांपुढची फजिती माझी करणी होती. पन्नासावर वर्षं झाली, आई गेली, बाबू कधीच गेले. ऐका रविवारी व्हॉट्सॲपवर दिसते, तिचे केस पांढरे झालेत, तिलाही सांगितलं नाही. घरी आल्यावर मी विकत आणलेल्या त्या झाडाचं एक पान कापलं, मागच्या खोलीत गेले आणि दोन्ही हातांनी बाबांच्या पुढे धरलं. मीरा दारात उभी होती.

बाबांनी चष्मा लावला. पान उलटसुलट करून बघितलं.

"बाबा, मला माहीत होतं," मी म्हणाले. "त्या दसऱ्याला. पान काय आहे ते मला माहीत होतं."

"तुला माहीत होतं, हे मलाही माहीत होतं," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"मी सोळा मागितली होती. सोळा घरं झाली. पाटाच्या काठी हात मागे केला तेव्हा वाटलं, पिशवी रिकामी असणार, सुटलो." ते हसले, सहाच्या सहा दात दिसले. "तर हातात सतरावं. मी गणिताचा मास्तर होतो, वसू. तू कधीच मोजणीत चुकली नव्हतीस."

त्यांनी पान घेतलं, छातीशी धरलं, आणि खिडकीबाहेर आमच्या सपाट लॉनकडे बघितलं. माझा हात त्यांच्या हातात होता.

"पण उतार बरोबर होता हं," ते म्हणाले.